आलिशान एसयूव्हीची नियमित सर्व्हिस: डिझेल, पेट्रोल, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक

तुमच्याकडे तीन लिटरच्या डिझेल इंजिनाची मोठी एसयूव्ही आहे, ती बहुतेक वेळ शहरातच थोड्या थोड्या अंतरासाठी चालते, आणि ती काढून प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली) किंवा पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घ्यावी असा विचार घरात चालू आहे. त्यावरून तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत: डॅशबोर्डवर दिसणारा सर्व्हिसचा आकडा तंतोतंत पाळावा का, इंजिनाचा प्रकार बदलला की सर्व्हिसमध्ये नेमके काय बदलते, आणि इलेक्ट्रिक गाडीला सर्व्हिस लागतच नाही हे कितपत खरे आहे.

तिन्ही प्रश्नांशी संबंधित एक गोष्ट आधी सांगायला हवी. अशा गाडीच्या सर्व्हिसचे दोन भाग असतात. एक भाग इंजिनाच्या प्रकाराबरोबर बदलतो आणि सगळी चर्चा त्याचीच होते. दुसरा भाग म्हणजे अडीच टनांच्या आसपास वजन असलेली, हवेच्या सस्पेन्शनवर उभी राहणारी आणि चारही चाकांना ताकद पोहोचवणारी गाडी. इंजिन कोणतेही असले तरी हा भाग जवळपास तसाच राहतो, आणि माझ्या अनुभवात मोठी बिले बऱ्याचदा तिथूनच येतात.

डॅशबोर्डवरचा आकडा पाळावा, पण तो कमाल मर्यादा म्हणून. बहुतेक गाड्यांमध्ये हा आकडा प्रत्यक्ष ऑइल तपासून काढलेला नसतो. किती इंधन जळले, इंजिन किती वेळा थंड अवस्थेत चालू झाले, किती वेळ ते पूर्ण तापमानाला पोहोचले, गाडी किती किलोमीटर चालली आणि मागच्या सर्व्हिसला किती दिवस झाले, यांवरून संगणक हिशेब मांडतो. त्या हिशेबाची वरची सीमा काही निर्मात्यांनी दोन वर्षे आणि पंचवीस हजार किलोमीटरच्या घरात ठेवलेली असते, आणि लांब पल्ल्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीला ती शोभतेही. मात्र त्याच गाडीच्या मालकपुस्तिकेत ‘कठीण वापर’ या नावाखाली वेगळे, आखूड वेळापत्रक दिलेले आढळते. कठीण वापर म्हटले की लोकांना डोंगर, वाळवंट आणि ट्रेलर ओढणे आठवते. प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, सिग्नलवर इंजिन चालू ठेवून उभे राहणे आणि धुळीचा रस्ता हाही त्यातच मोडतो. म्हणजे तुमची गाडी ज्या प्रकारे चालते, तो वापर इंजिनाच्या दृष्टीने कठीणच आहे. अशा डिझेलला मी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलण्याचा सल्ला देतो. ठरलेल्या मुदतीपेक्षा आधी ऑइल बदलल्याने इंजिनाचे नुकसान होत नाही. वॉरंटीचा वाद होतो तो उशीर झाल्यावर.

हा सल्ला डिझेलच्या बाबतीत इतका ठामपणे देण्यामागचे कारण एक्झॉस्टमधल्या डीपीएफ फिल्टरमध्ये आहे. हा फिल्टर काजळी अडवतो आणि ती साठली की सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला ती जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. महामार्गावर एक्झॉस्ट बराच गरम असल्याने हे काम सहज उरकते. शहरातल्या फेऱ्यांमध्ये तो तेवढा तापत नाही, म्हणून इंजिनाचा संगणक सिलिंडरमध्ये स्फोट होऊन गेल्यानंतर थोडे जादा डिझेल फवारतो आणि ते पुढे जाऊन जळाल्यावर फिल्टर तापतो. यातले काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरते आणि चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यातल्या, ऑइलमध्ये मिसळते. रिजनरेशन चालू असतानाच तुम्ही घरी पोहोचून इंजिन बंद केले, तर ते काम अर्धवट राहते, पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि दर वेळी थोडे डिझेल ऑइलमध्ये जाते.

त्याचा परिणाम असा दिसतो की ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. पुष्कळ नव्या आलिशान गाड्यांत डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम असताना, मेन्यूमध्ये जाऊन पातळी पाहावी लागते. तिथली पट्टी कमाल रेषेला टेकलेली किंवा तिच्या वर दिसली, तर ‘ऑइल भरपूर आहे’ असे समजून समाधान मानू नये. चेंबरचा बोल्ट काढल्यावर असे ऑइल मधासारखे लोंबत न येता पाण्यासारखे सळसळत खाली येते आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास असतो. पातळ झालेल्या या ऑइलवर टर्बोचार्जरचे बेअरिंग आणि क्रँकशाफ्टची बेअरिंगे चालत असतात. मालकाला हे कळण्याचे दुसरे कोणतेही चिन्ह लवकर मिळत नाही, म्हणून डिझेल गाडी शहरात वापरणाऱ्याने महिन्यातून एकदा ही पातळी पाहण्याची सवय लावून घ्यावी. रिजनरेशन चालू असल्याच्या खुणाही ओळखता येतात: उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा किंचित वर राहतात, पंखा जोरात फिरतो, तात्काळ मायलेज घसरते आणि गरम धातूचा वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर आणखी पंधरा-वीस मिनिटे गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून मगच बंद करावी.

ऑइल कोणते घालायचे, यावर सर्व्हिस सेंटरमध्ये होणारी चर्चा बहुधा ‘५डब्ल्यू-३० आहे ना, मग चालेल’ इथेच संपते. हा आकडा फक्त ऑइलचा दाटपणा सांगतो. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख सोडणारे ऑइल लागते, कारण काजळी जळून जाते पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरच्या बारीक नळ्यांत कायमची बसते. युरोपातील एसीईए या संस्थेच्या वर्गवारीत सी३ दर्जाच्या ऑइलमध्ये सल्फेटेड राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंतच असावे लागते, तर ए३/बी४ दर्जाच्या ऑइलमध्ये ते याहून जास्त असते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेले असू शकते. त्यामुळे डब्याच्या मागच्या बाजूला तुमच्या निर्मात्याचा मंजुरी क्रमांक छापलेला आहे का, हे पाहावे: मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन गटासाठी ५०४.००/५०७.०० अशा स्वरूपाचा. नव्या इंजिनांना यापुढचे क्रमांक लागू असतात, म्हणून पुस्तिकेतला क्रमांक आणि डब्यावरचा क्रमांक जुळवणे एवढेच काम आहे. पण ते तुमच्या डोळ्यांसमोर व्हावे. पिंपातून सुटे ऑइल भरणाऱ्या ठिकाणी पिंपावरचे लेबल पाहण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

जुना ऑइल फिल्टर कचऱ्यात टाकण्याआधी मागून पाहावा. अनेक आलिशान गाड्यांत प्लास्टिकच्या टोपीखाली कागदी घडीचा फिल्टर असतो. तो पिळून घड्या उलगडल्या की चांदीसारखे चकाकणारे कण बेअरिंगची किंवा पिस्टनची झीज दाखवतात, काळ्या-तपकिरी प्लास्टिकचे तुकडे टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणाऱ्या साखळीच्या) गाइडकडे बोट दाखवतात. हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. बीएमडब्ल्यूच्या बी५७ डिझेल आणि बी५८ पेट्रोल इंजिनांत टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे, आणि इतर काही निर्मात्यांनीही हीच रचना स्वीकारली आहे. अशा इंजिनात चेनचे काम निघाले की गिअरबॉक्स किंवा आख्खे इंजिन उतरवावे लागते. चेन ताणली जाण्याचे मोठे कारण जुने, गाळ धरलेले ऑइल असते, हे लक्षात घेतले की वर्षाला एक जादा ऑइल बदलणे महाग वाटत नाही.

डिझेलच्या फिल्टरकडे तुलनेने कमी लक्ष जाते. आधुनिक कॉमन रेल पंप २,००० बार किंवा त्याहून अधिक दाबाने इंधन ढकलतो आणि त्याच पंपाला वंगणही त्या डिझेलचेच मिळते. त्यात पाणी गेले की पंप आतून खरवडला जातो आणि धातूचा चुरा रेल, इंजेक्टर आणि परतीच्या नळीतून टाकीपर्यंत पसरतो. मग एक भाग बदलून भागत नाही. इंधनाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलावा. एक्झॉस्टमधले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरला जाणारा ॲडब्लू हा ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले निर्खनिज पाणी असा द्रव आहे. तो उणे ११ अंशांना गोठतो आणि फार दिवस उन्हात साठवला तर खराब होतो, म्हणून तो सीलबंद आणि ताजाच घ्यावा. भरताना सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर पांढरे स्फटिक तोंडाशी जमतात. चुकून तो डिझेलच्या टाकीत गेला, तर इग्निशनसुद्धा चालू करू नये. टाकी रिकामी करून धुऊन घेण्याचा खर्च पुढच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ ठरतो.

पेट्रोल इंजिनाची यादी याहून छोटी आहे. स्पार्क प्लग साधारण साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदलतात, आणि टर्बो इंजिनात ते थोडे आधी बदललेले बरे, कारण झिजलेला प्लग इग्निशन कॉइललाही सोबत नेतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा होत नाही, त्यामुळे क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ त्यांवर करपून कार्बनचा थर चढतो. टाकीत ओतायची औषधे त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाहीत, तेव्हा दर सर्व्हिसला बिलात दिसणारी ती बाटली नाकारायला हरकत नाही. इंजिन थंड असताना थरथरू लागले आणि थर खरोखर बसलेला दिसला, तरच अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करावेत. टर्बो पेट्रोल इंजिन कमी वेगाने फिरत असताना जोर पडला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि त्याने पिस्टन फुटू शकतो. २०२० मध्ये आलेल्या, अमेरिकेतील एपीआय या संस्थेच्या एसपी दर्जाच्या ऑइलची हा धोका टाळण्यासाठी चाचणी घेतलेली असते. पुस्तिकेने तो दर्जा मागितला असेल तर जुन्या दर्जाचे ऑइल स्वस्त मिळाले म्हणून घालू नये.

४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमुळे, म्हणजे इंजिनाला छोट्या मोटरची नुसती मदत देणाऱ्या रचनेमुळे, सर्व्हिस फारशी बदलत नाही. जिथे स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने इंजिनाशी जोडलेला असतो, तिथे तो पट्टा दोन्ही दिशांनी जोर सोसतो, म्हणून पट्टा आणि त्याचा टेन्शनर दर सर्व्हिसला पाहावा आणि अल्टरनेटरच्या साध्या पट्ट्यापेक्षा आधी बदलावा. मर्सिडीजच्या २०१७ मध्ये आलेल्या एम२५६ या सहा सिलिंडरी इंजिनात पुढच्या बाजूला पट्टाच नाही. पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतात. तिथे ‘बेल्ट तपासला’ अशी खूण जॉबकार्डवर दिसली, तर बाकीच्या खुणांबद्दलही शंका घ्यावी.

प्लग-इन हायब्रिड मात्र वेगळे प्रकरण आहे. ते दोन गाड्यांची सर्व्हिस मागते, आणि शहरात वापरल्यास त्यातले इंजिन न चालल्यामुळे खराब होते. रोज रात्री चार्ज करणाऱ्या मालकाचे इंजिन कधी कधी दोन-तीन आठवडे चालूच होत नाही. मग एके दिवशी महामार्गावर ओव्हरटेक करताना संगणक त्याला एकदम जाग आणतो आणि थंडगार ऑइलवर पूर्ण ताकद मागतो. किंवा ते पाच मिनिटे चालून बंद होते. त्या पाच मिनिटांत जळणातून तयार झालेली वाफ चेंबरमध्ये गार होऊन पाणी बनते, थोडे पेट्रोलही उतरते, आणि दोन्ही उडून जाण्याइतके ऑइल तापत नाही. ऑइल भरायची टोपी उघडली की तिच्या आत दुधी, सायीसारखा थर दिसतो. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधले सील) गेल्याचेही हेच लक्षण मानतात, म्हणून काही ठिकाणी तो पाहून मोठ्या कामाचा अंदाज दिला जातो. आधी इंजिन अर्धा तास चांगले तापवून, थर पुसून, आठवड्याने पुन्हा पाहावे. कूलंटची पातळी स्थिर असेल आणि थर परतला नसेल, तर तो साठलेला ओलावा होता.

यावर उपाय साधा आहे. पंधरवड्यातून एकदा बॅटरी राखून ठेवण्याचा मोड निवडून गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर इंजिनावर चालवावी. जागेवर दहा मिनिटे इंजिन फिरवत ठेवण्याचा उपयोग नाही, उलट त्याने पाणी आणखी साठते. ऑइल बदलताना किलोमीटर विसरून वर्ष मोजावे. ओडोमीटर बारा हजार दाखवत असला आणि इंजिन त्यातले दोन हजारच चाललेले असले, तरी ऑइल एक वर्षाचे झालेले असते. टाकीतले पेट्रोल काही महिने पडून राहिले की त्याचा हलका अंश उडतो किंवा बिघडतो. म्हणूनच अनेक प्लग-इन गाड्यांत टाकी दाब धरून बंद असते आणि भरण्याआधी बटण दाबून दाब उतरण्याची वाट पाहावी लागते. लांबचा प्रवास नसेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवू नये.

कूलंटबद्दल इथे विशेष सावध राहावे लागते, कारण इंजिनाचे, बॅटरीचे आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे कूलंट वेगवेगळ्या मार्गांनी फिरते आणि डबेही वेगवेगळे असतात. रंगावरून कूलंट ओळखण्याची सवय सोडावी; दोन निर्मात्यांचे गुलाबी कूलंट एकच असेलच असे नाही, आणि न जुळणारी रसायने एकत्र आली की गाळ धरून बारीक नळ्या तुंबतात. नळाचे पाणी तर कोणत्याच डब्यात घालू नये. विजेवर चालणारे पंप असलेल्या गाडीत कूलंट बदलल्यावर आतली हवा काढण्यासाठी निर्वात यंत्राने भरणे आणि स्कॅनरवरून पंप फिरवणे अशी ठरलेली प्रक्रिया असते. ती टाळली तर हवेचा बुडबुडा नेमका बॅटरीच्या प्लेटवर किंवा इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागात) अडकू शकतो.

आता तिसरा प्रश्न. इलेक्ट्रिक एसयूव्हीला ऑइल, प्लग, पट्टा आणि एक्झॉस्टची कामे नसतात, हे खरे आहे. सर्व्हिस लागत नाही, हे खरे नाही. ब्रेक फ्लुइड, कूलंट, केबिन फिल्टर, टायर, सस्पेन्शन आणि १२ व्होल्टची बॅटरी जशीच्या तशी उरते. मोटरसोबतच्या रिडक्शन गिअरचे ऑइल बदलायचे की नाही, हे निर्मात्यानुसार ठरते. त्यात तीन जागा मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली जागा ब्रेकची. मोटर जनरेटरसारखी चालून वेग कमी करते, त्यामुळे पॅड डिस्कला क्वचितच घासतो. पॅड टिकतात, पण डिस्क गंजते, आणि गंज आधी आतल्या बाजूला धरतो, जिथे चाकाच्या जाळीतून नजर जात नाही. बाहेरून आरशासारखी दिसणारी डिस्क चाक काढून मागून पाहिली की कडेने खवल्यांसारखा तपकिरी पट्टा आणि मधे अर्धवट घासलेली रेघ दिसते. त्याच वेळी पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडून आखडलेल्या असतात. म्हणून वर्षातून एकदा चारही चाके काढून, पिना साफ करून, त्यांना ठरलेले ग्रीस लावणे हे पॅड बदलण्यापेक्षा महत्त्वाचे काम आहे. मालकाने अधूनमधून, मागे वाहन नाही हे पाहून, मोटरने वेग कमी करण्याची पातळी (मेन्यूत हिलाही रिजनरेशनच म्हणतात) कमी करून काही ठाम ब्रेक मारावेत. बॅटरी पूर्ण भरलेली असताना गाडी तसेही खऱ्या ब्रेकचा जास्त वापर करते.

दुसरी जागा एसीची. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही एसीची यंत्रणाच करते, त्यामुळे गॅस कमी झाला की फास्ट चार्जिंगचा वेग आधी खाली येतो आणि केबिनमधला गारवा कमी झाल्याचे नंतर जाणवते. इथला कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो, म्हणून त्याला वीज न वाहू देणारे वेगळे ऑइल लागते. साध्या गाड्यांसाठी वापरले जाणारे ऑइल गॅस भरण्याच्या यंत्राच्या नळीत थोडे जरी शिल्लक असले आणि ते आत गेले, तरी इन्सुलेशनचा दोष दिसून गाडी बंद पडू शकते. गॅस भरणाऱ्याला यंत्राची नळी धुतली का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

तिसरी जागा गाडीच्या पोटाची. बॅटरीचे आवरण तिथे असते, आणि उंच गतिरोधकावर किंवा दगडावर घासल्याची खूण जॉबकार्डवर फोटोसह नोंदवून घ्यावी. याच तपासणीत नारिंगी केबल, त्यांच्या क्लिपा, चार्जिंगच्या तोंडातील पिना आणि रबरी सील पाहून होते. नारिंगी रंग ६० व्होल्टच्या वरच्या डीसी प्रवाहाची खूण आहे; या गाड्यांत तो प्रत्यक्षात ४०० किंवा ८०० व्होल्टच्या घरात असतो. ती यंत्रणा उघडायची असेल तेव्हा प्रशिक्षित माणूस, १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे, सर्व्हिस डिस्कनेक्ट (उच्च व्होल्टेजची जोडणी तोडणारा भाग) काढून ठेवणे, ठरलेला वेळ थांबणे आणि मग मीटरने शून्य व्होल्ट मोजून खात्री करणे, यातली एकही पायरी गाळता येत नाही. तुमच्या निवडलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये ही सामग्री आहे का, हे गाडी घेण्याआधीच पाहून यावे.

आता तो दुसरा, सगळ्यांना सारखा लागू असलेला भाग. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे नवे फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या अवस्थेतली त्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाट उतरताना अडीच टनांची गाडी ब्रेकला जेवढे तापवते, त्यापुढे हा फरक जीवघेणा ठरू शकतो, म्हणून गाडी कमी चालली असली तरी दोन वर्षांनी फ्लुइड बदलावेच. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत मागचे पॅड बदलण्याआधी स्कॅनरवरून किंवा मेन्यूतून सर्व्हिस मोड लावावा लागतो. पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला तर त्याची मोटर तुटते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलवर ‘आयुष्यभरासाठी’ असे लिहिलेले असते. पुष्कळ आलिशान एसयूव्हींत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स आहे, आणि खुद्द झेडएफ वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. त्यातल्या बऱ्याच गिअरबॉक्सना प्लास्टिकचा चेंबर असतो आणि फिल्टर त्याच्याच अंगात असतो, म्हणून आख्खा चेंबर बदलावा लागतो. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचे तापमान स्कॅनरवर ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना लावतात. तापमान न पाहता ‘भरून वाहेपर्यंत’ घातलेले ऑइल कमी किंवा जास्त होते. ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) आणि दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ती वाटणारे भाग) यांमध्ये ऑइल थोडेच असते आणि ते याच सुमारास बदलून घ्यावे.

ट्रान्सफर केसचे खरे शत्रू म्हणजे एकमेकांशी न जुळणारे टायर. चार चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले, की त्यांचा घेर वेगळा पडतो, गाडी सरळ रस्त्यावरही दोन ॲक्सलांमध्ये फरक पाहते आणि आतला क्लच सतत घसरत राहतो. त्यामुळे टायर चारही एकाच वेळी, एकाच मॉडेलचे, आणि शक्यतो निर्मात्याची खूण असलेले घ्यावेत. बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजची एमओ, ऑडीची एओ, पोर्शेची एन या खुणा टायरच्या भिंतीवर असतात. इलेक्ट्रिक गाडीचे वजन आणि शून्यापासून मिळणारी ताकद यांमुळे टायर लवकर जातात, तेव्हा हवा महिन्यातून एकदा थंड टायरवरच तपासावी. व्हील अलाइनमेंट केल्यावर कॅमेरा आणि रडारची जुळणी लागते का, तेही विचारावे.

हवेच्या सस्पेन्शनमध्ये रबरी पिशवीच्या घडीत भेगा पडतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, की साबणाचे पाणी फवारून गळती शोधावी आणि ती त्याच आठवड्यात दुरुस्त करावी. लोक ‘इंजिन चालू केले की वर येते’ म्हणून महिने काढतात. तेवढ्या काळात कॉम्प्रेसर सतत चालून जळतो आणि एका पिशवीच्या जागी दोन भाग बदलावे लागतात. गाडी जॅकवर घेण्याआधी जॅक मोड (उंची आपोआप बदलणे थांबवणारा) लावायला विसरू नये. १२ व्होल्टची बॅटरी बदलली की अनेक गाड्यांत तिची नोंद संगणकात करावी लागते, नाहीतर तो नव्या बॅटरीला जुन्यासारखे चार्ज करत राहतो. इलेक्ट्रिक गाडीत ही छोटी बॅटरी उतरली, तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी उघडतदेखील नाही.

तुमच्या वापराकडे पाहता, डिझेल ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा तिला अर्ध्या तासाचा मोकळा रस्ता मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर डीपीएफवर खर्च होत राहील. प्लग-इन गाडी ज्यांना रोज चार्जिंग जमते आणि महिन्याला एखादा लांबचा प्रवास घडतो, त्यांना शोभते. प्रवास जवळजवळ सगळा शहरातला असेल, तर पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत बिघडण्यासारखे भाग सर्वांत कमी आहेत. कोणतीही निवडली, तरी बिलावर ऑइलचा मंजुरी क्रमांक आणि लिटर, कूलंटचा प्रकार, प्रत्येक ॲक्सलच्या पॅडची मिलिमीटरमधली जाडी आणि इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन असल्यास बॅटरीच्या आरोग्याचा स्कॅनरवरचा आकडा लिहून मागावा. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेल्या बिलावर सही करू नये.